खांबावरचं घर

नकाशावाल्या बाई रंगाचे दोन डबे घेऊन गल्लीत शिरल्या तेव्हा थोरला ओट्यावर चहा पीत बसला होता. चहा पिणं हे त्याचं सकाळचं मोठं काम. पेला दोन्ही तळव्यांमधे धरायचा, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची आणि तोंडच पेल्याकडे न्यायचं. मनगटं पडून त्याला अकरा वर्षं झाली होती. बोटं कशीबशी मिटायची, पण हात मनगटातून वर उचलत नव्हता. शिशाच्या भट्टीवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांचं असंच व्हायचं. लांबून कुणाला हात करून बोलावलं तर पंजा असा खाली लोंबायचा की त्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला जा म्हणतोय, आणि तो खरंच निघून जायचा. गल्ली यावर पोटभर हसली होती. सुरुवातीला थोरलाही हसायचा.

बाईंनी त्याच्या भिंतीवर वीतभर लाल फुली काढली. आठ दिवसांत घर रिकामं करा, टेकडीपलीकडे पत्र्याच्या खोल्या मिळतील, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज मऊ ठेवला. थोरल्याने मान हलवली. थोरलीने, म्हणजे त्याच्या बायकोने, बाईंना पाणी हवं का विचारलं आणि मग घरात पाणी आहे का ते बघायला आत गेली. तोवर बाई पुढे सरकल्या. गल्लीत ओळीने नऊ लाल फुल्या पडल्या आणि अगदी टोकाच्या घरावर, धाकट्या भावाच्या घरावर, तेवढी एक हिरवी खूण झाली.

थोरल्याने पेला खाली ठेवला. काळजात काहीतरी लक्कन हलायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. ती हिरवी खूण चुकीची होती. हे गल्लीत दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि थोरलीला.

पाऊस दोन वर्षं रुसला होता. ओढा आटला, विहिरींचे तळ दिसले, गुरं विकून झाली. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की खाणीत पाणी आहे. खाण बंद पडून तीस वर्षं होऊन गेली होती. कंपनीने आपले पंप उचलून नेले त्यानंतर खालची भुयारं हळूहळू पाण्याने भरत गेली होती. ते पाणी पिण्याचं नव्हतं, पण भांड्यांना, कपड्यांना, चार झाडांना चाललं असतं. म्हणून खाणीच्या उभ्या विहिरीवर पंप बसला आणि तो चालवायचं काम धाकट्याला मिळालं. पाच महिने तो सकाळ-संध्याकाळ पंप चालवत होता. लोक त्याच्याशी आदराने बोलायला लागले होते. हंडा घेऊन उभं राहिल्यावर माणूस आदराने बोलतोच. पाचव्या महिन्यात वरच्या आळीतल्या तीन घरांना भेगा गेल्या आणि कचेरीने बाईंना पाठवलं.

बाईंनी शाळेत सगळ्यांना बसवून फळ्यावर चित्र काढलं. ही सगळी टेकडी चुनखडीची. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातलं गरम पाणी तिच्या चिरांमधून वर चढलं, आणि पाण्यासोबत आलेलं शिसं त्या चिरांमधे साकळून बसलं. लोकांनी ते आधी आग पेटवून, दगड तडकवून काढलं, मग कंपनीने सुरुंग लावून काढलं. काढता काढता वरचं छत पडू नये म्हणून जागोजागी दगडाचे जाड खांब न खोदता सोडले. खाण बंद झाल्यावर पाणी भरलं, त्या पाण्याचाही छताला आधार झाला. आता पाणी उपसलं, आधार गेला. राहिले खांब. ज्या घराखाली खांब आहे ते घर राहील. एवढं सांगून त्यांनी कंपनीचा शेवटचा नकाशा टेबलावर पसरला.

मग त्यांनी विचारलं, खाण बंद झाल्यावर कुणी खाली जाऊन खांब फोडले होते का?

शाळेत साठेक माणसं होती. त्यातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी खांब खाल्लेला होता. गावात त्याला खांब खाणंच म्हणत. भुकेच्या वर्षी पहार आणि टोपली घेऊन खाली उतरायचं, खांबातला चकचकीत शिशाचा दगड सोलून आणायचा आणि परसातल्या भट्टीत वितळवायचा. त्याला एकच नियम होता, घराखालच्या खांबाला हात लावायचा नाही. तो नियम सगळ्यांनी पाळला होता. पण त्यानंतर माणसं वाढली, घरं वाढली, आणि कुठे घर नव्हतं तिथे आता काय आहे ते कुणी मनात जुळवून बघितलं नव्हतं. बाई वाट बघत राहिल्या. कुणी खाकरलं, कुणी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. शेवटी बाईंनी वहीत लिहिलं, नाही. थोरला पुढून दुसऱ्या रांगेत होता आणि बाईंची पेन्सिल हलताना त्याला दिसली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाला नुसता माळ होता. त्या माळाखालचा खांब मोठा, बारा पावलं लांब आणि तेवढाच रुंद. थोरल्याने तो एका उन्हाळ्यात खाल्ला. तो फोडायचा आणि थोरली टोपल्या डोक्यावरून वर आणायची. त्यावर म्हातारी आई जगली, धाकटा जगला, ती दोघंही जगली. त्यात चोरी नव्हती, वर घरच नव्हतं.

पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न ठरत आलं. मुलीच्या बापाने एकच गोष्ट मागितली, घर खांबावरचं हवं. जुन्या माणसांना आठवत होतं की माळाखाली मोठा खांब आहे, आणि धाकट्याने तीच जागा धरली.

घराची जागा पक्की करायची गावाची एक रीत होती. घरातल्या जवळच्या माणसाने खाली जायचं आणि हातोड्याने खांबावर तीन ठोके द्यायचे. ज्याचं घर त्याने वर जमिनीवर पितळी भांडं पालथं घालून त्याला कान लावायचा. जिथे ठोका खणखणीत ऐकू येईल तिथे खुंटी मारायची. आई थकलेली, बाप नाही, त्यामुळे थोरला खाली गेला. थोरली दिवा धरून सोबत होती. खांबाचा छताला टेकलेला, माणसाच्या कमरेएवढ्या जाडीचा बुंधा तेवढा समोर उरला होता. वर जाऊन सांगू, जागा चांगली नाही, असं त्याने खाली उतरताना ठरवलं होतं. मग त्याला मुलीचा बाप आठवला, नवा सदरा घालून उभा असलेला धाकटा आठवला. वर गेल्यावर, हा खांब कुणी खाल्ला, हे कुणीतरी विचारणारच होतं. त्याने तीन ठोके दिले. दगड बारीक असला तरी ठोका वर पोचतो. तो वर आला तेव्हा धाकट्याच्या कानाला माती लागली होती आणि खुंटी मारून झाली होती.

फुल्या पडल्या त्याच दुपारी धाकटा आला. पत्र्याच्या खोल्यांचं नावही काढू नकोस दादा, माझं घर आहे ना, असं म्हणून त्याने थोरल्याला बोलूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन आला आणि सामान भरायला लागला. थोरल्याला उचलता काही येईना. त्याने एक उशी काखेत धरली आणि गाडीमागून चालत गेला. लोक आपापल्या दारात सामान बांधत होते. नशीबवान आहेस बाबा, एकजण म्हणाला, भाऊ असावा तर असा. थोरला हो म्हणाला.

धाकटीने त्यांना आतली खोली दिली. तिच्याकडे दोन वर्षांची नात होती. मुलगा-सून कामासाठी लांब होते आणि पोर आजीच्या कडेवर वाढत होती. धाकटी वाईट बाई नव्हती. पण घरात दोन माणसं वाढली की पाणी वाढतं, भांडी वाढतात, आणि ते तिच्या चालण्यात ऐकू यायचं. जेवताना थोरली नवऱ्याला घास भरवायची तेव्हा धाकटी दुसरीकडे बघायची. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं थोरल्याला वाटायचं. नात मात्र टक लावून बघायची आणि मग स्वतःचा तोंडातला घास काढून त्याच्या तोंडाशी न्यायची.

थोरलीने त्याला पहिल्या दिवशी विचारलं, सांगितलंत का. दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही, नुसती त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत राहिली. तू सांग, तो म्हणाला.

“भाऊ तुमचा आहे,” ती म्हणाली. “टोपल्या मी वाहिल्या, ते मी सांगेन. ठोक्याचं तुम्ही सांगायचं.”

तो सांगत नव्हता याचं कारण त्यालाही नीट देता आलं नसतं. भीती असती तर ती कुठेतरी लागली असती. मनगटाला सुई टोचली तर टोचल्याचं डोळ्यांना दिसायचं, कळायचं नाही, तसंच काहीसं आत झालं होतं. नात त्या फरशीवर धावते, उड्या मारते, हे तो बघत होता. खाली काय आहे ते त्याला माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींना भेटत नव्हत्या.

गाव रिकामं होईपर्यंत पाणी लागणारच, म्हणून पंप अजून चालू होता. पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराचं दार लागेना. धाकट्याने पंपावरून आल्यावर खांद्याने रेटून बघितलं, मग बिजागऱ्या सोडवून दार अंगणात आडवं घातलं आणि कडेवरून रंधा फिरवायला लागला. थोरला जवळच बसला होता. लाकडाचे पापुद्रे उडून त्याच्या पायावर पडत होते.

“फुगलंय,” धाकटा म्हणाला.

“दोन वर्षं पाऊस नाही. कशानं फुगेल?”

“मग काय झालंय?”

“चौकट वाकलीय.”

धाकट्याने रंधा थांबवला नाही. थोरल्याने पापुद्र्यांकडे बघत सांगितलं. आधी तो एक वाक्य बोलला, या घराखालचा खांब मी खाल्लाय. मग उन्हाळा सांगितला, टोपल्या सांगितल्या, ठोके सांगितले. आवाज कुठे चढला नाही की कापला नाही. दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसा तो बोलत होता, आणि बहुधा तिथेच चुकलं. धाकटीही ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती.

“ठोका खणखणीत आला होता,” धाकटा म्हणाला. “माझ्या कानानं ऐकलाय मी.”

“मीच दिला होता.”

“बाईंच्या नकाशात खांब आहे.”

“नकाशा आधीचा आहे.”

धाकट्याने रंध्याचं पातं बोटाने साफ केलं. धाकटी नवऱ्याकडे बघून, जणू थोरला तिथे नाहीच अशा रीतीने बोलली. त्यांच्या भिंतीला लाल लागली आणि आपल्याला हिरवी, ती म्हणाली, दुसरं काय असणार. सत्तावीस वर्षं कुठे गेलं होतं हे सगळं. ती सत्तावीस वर्षं खरोखरच थोरल्याकडेच होती. धाकट्याने दार पुन्हा बसवलं, उघडून-लावून बघितलं. दार छान लागलं. दुपारच्या जेवणाला त्याने दादाला हाक मारली नाही, धाकटीने ताट खोलीत आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा सकाळचा पंप बंद करून आला तेव्हा थोरली अंगणात तयार उभी होती. पायात नवऱ्याचे जुने बूट, हातात बॅटरी, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. तिचं वय साठ उलटलेलं.

“चला भावोजी,” ती म्हणाली. “पाणी उतरलंय, आता तिथवर जाता येईल. डोळ्यांनी बघा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.”

धाकट्याला नाही म्हणता आलं नाही. वहिनीने त्याला लहानाचा मोठा केला होता. थोरलाही उठला. वाटेत शिडी आहे, थोरली त्याला म्हणाली, तुमचं तिथे काम नाही. ती दोघं टेकडीच्या बाजूने भुयाराच्या तोंडाकडे गेली आणि थोरला उभा होता तिथेच उभा राहिला. तेवीस वर्षं जी खाण त्याने पायाखाली घातली होती तिथे आज त्याचं काम नव्हतं, आणि ते खरं होतं.

धाकटी स्वयंपाकघरात फरशीवर बसून धान्य निवडत होती. नात बाजूला डब्याच्या झाकणाशी खेळत होती. थोरल्याने चौकटीतूनच सांगितलं की पोरीला घेऊन थोडा वेळ बाहेर बैस.

“मी माझ्या घरात बसलेय,” धाकटी म्हणाली.

तो आत आला. चुलीजवळच्या कोपऱ्यात गुडघे टेकले, मग एका अंगावर आडवा झाला आणि कान फरशीला लावला. धाकटीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सुपातले खडे वेचत राहिली. बराच वेळ काही नव्हतं. फरशी गार होती. कानात स्वतःचंच रक्त वाजत होतं. ती दोघं शिडीपाशी असतील, आता डावीकडे वळली असतील, असं तो मनातल्या मनात चालत होता. मग पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला.

“डोकं सांभाळा,” थोरलीचा आवाज आला.

थोरला जागच्या जागी ताठ झाला. ठोका दगडातून येतो, तो चाळीस फुटांवरूनही येतो. बोलणं दगडातून येत नाही. बोलणं पोकळीतून येतं. शब्द न् शब्द, पलीकडच्या खोलीत बसून बोलावं इतका स्वच्छ ऐकू येत होता. म्हणजे खांबाभोवतीचं छत सुटत, गळत, पोकळी वर चढत चढत फरशीपर्यंत आली होती. आता त्याला भीती वाटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाताच्या पंजापर्यंत काहीतरी पोचलं आणि ते दुखलं.

“इकडे ये,” तो धाकटीला म्हणाला. “कान लाव.”

ती हलली नाही. तेवढ्यात फरशीखालून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, आणि तो तिला बसल्या जागी ऐकू आला. तिने सूप खाली ठेवलं. ती आडवी झाली आणि तिने कान लावला. सत्तावीस वर्षांत ती दोघं एकमेकांसमोर इतकी जवळ कधी आली नव्हती. दोघांचे डोळे उघडे होते आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

“एवढाच?” धाकटा खाली विचारत होता.

“तेव्हा याच्या दुप्पट होता. बाकीचा पाण्यानं सुटला असेल.”

“आणि मी वर कान लावून पडलो होतो तेव्हा तुम्ही इथंच होतात?”

“दिवा धरून.”

खाली कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग धाकट्याने विचारलं, “वहिनी, वर आल्या आल्या का नाही सांगितलंत?”

“तुम्ही हसत होतात, भावोजी,” ती म्हणाली. “इतके हसत होतात. मग कुणी सांगायचं?”

धाकटी उठली. तिने नातीला उचललं, डब्याचं झाकण पोरीच्या हातातच राहिलं, आणि मागे न बघता बाहेर गेली. खालून आता बोलणं येत नव्हतं. एक माणूस श्वास आवरायचा प्रयत्न करत होता आणि त्याला तो आवरत नव्हता. बाप गेला तेव्हाही धाकटा रडला नव्हता. थोरल्याने तोंड फरशीजवळ नेलं.

“वर या,” तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, चढवायची गरजच नव्हती. “तिथे उभे राहू नका. वर या.”

खालचं सगळं थांबलं.

“दादा?” धाकटा म्हणाला. “तू घरात आहेस?”

“आहे.”

“बाकीची?”

“पोरीला घेऊन ती बाहेर गेली.”

सगळं कळल्यावर भाऊ काय म्हणेल हे थोरल्याने हजार वेळा मनात ऐकलं होतं. शिव्या ऐकल्या होत्या, तळतळाट ऐकले होते. पण धाकटा एवढंच म्हणाला, “मग तूही नीघ.” पाण्यातून जाणारी पावलं ऐकू आली आणि लांब गेली.

थोरला निघायला लागला. कोपर फरशीवर रोवून त्याने अंग उचललं, पण पुढचा भार पंजावर घ्यावा लागतो आणि पंजा मनगटात दुमडून अंगाखाली गेला. तो परत आडवा झाला. दुसऱ्या हाताचंही तेच झालं. गुडघे पोटाशी घेऊन बघितलं. चुलीच्या कडेला पाय लावून बघितलं. भिंतीच्या पायथ्याशी बारीक माती गळत होती आणि ती त्याच्या केसांत पडत होती. थोरली असती तर तिने पाठीला हात लावला असता. आता असंच राहावं, असं त्याच्या मनात आलं. हाका मारायचं त्याच्या मनात आलं नाही.

चौकटीत पावलं वाजली. धाकटी एकटीच परत आली होती. पोरीला तिने समोरच्या ओट्यावर कुणाकडे तरी दिलं होतं. ती त्याच्याजवळ आली, वाकली आणि काखेत हात घालून तिने त्याला ओढलं. ती बारीक होती, पण हंडे वाहिलेली बाई होती. तिचं तोंड त्याच्या कानाशी होतं आणि आवाजात रागही नव्हता.

“हे वर येतील,” ती म्हणाली. “तुम्ही आत दिसलात तर हे तुमच्यासाठी आत शिरतील. उठा.”

तो उठला.